घरातील व्यक्ती

मध्यवर्ती बँकेने गुरुवारी व्याजदर पाव टक्क्याने वाढवला, आणि त्यानंतर तीन दिवस घरात कोणी बारक्याशी धड बोललं नाही. बोलणार तरी काय? दर खाली येणार म्हणून त्याने पंधरा पानी अहवालात छातीठोक लिहिलं होतं, टीव्हीवर टाय बांधून सांगितलं होतं, आणि समितीने तो नेमका वर नेऊन ठेवला. दादांचं म्हणणं, त्यात एवढं तोंड पाडून बसण्यासारखं काय आहे. हवामान खात्यातली माणसं रोज चुकतात, त्यांचा पगार कोणी थांबवतं का? दादा म्हणजे बारक्याचे वडील. वजनमापे खात्यात निरीक्षक होते. उभी हयात दुसऱ्यांचे तराजू तपासण्यात गेली. बारक्या आता बेचाळीस वर्षांचा, एका खासगी बँकेच्या संशोधन विभागाचा प्रमुख, दारातून येताना मान वाकवावी लागते एवढा उंच. पण घरात एकदा बारक्या म्हटलं की माणूस मरेपर्यंत बारक्या.

सोमवारी सकाळी बारक्याच्या बँकेचं पत्र आलं. ते दराबद्दल नव्हतंच. ते आत्याबद्दल होतं.

बारक्याने ते जेवणाच्या टेबलाशी उभ्या उभ्या वाचून दाखवलं. मुलं शाळेत गेली होती, त्यामुळे मोठ्याने वाचायला हरकत नव्हती. अहवाल मंगळवारी प्रसिद्ध झाला. त्याच्या आदल्याच दिवशी, लेखकाच्या राहत्या पत्त्यावरच्या एका महिलेने, बँकेच्याच शाखेतून, अहवालात शिफारस केलेले दीर्घ मुदतीचे सरकारी रोखे विकत घेतले. लेखकाने दरवर्षी भरून दिलेल्या खुलासापत्रात या महिलेचा उल्लेख नाही. सबब सदर महिला कोण, याचा खुलासा आज दुपारी चार वाजता फोनवर व्हावा, व त्या वेळी महिलेनेही हजर राहावे.

आत्या समोरच चहात बिस्कीट बुडवत बसली होती. महिला म्हणजे आपण, हे तिच्या ध्यानात यायला जरा वेळच लागला. तिला आजवर कोणी महिला म्हटलं नव्हतं. ती दादांची धाकटी बहीण, वहिनींची वन्सं, बारक्याची आत्या. छापखान्यात बत्तीस वर्षं मुद्रितं तपासली, तिथे ती नुसती बाई. ध्यानात येईपर्यंत अर्धं बिस्कीट कपात विरघळून गेलं.

"रोखे घेतलेस तू?" बारक्याने विचारलं.

"घेतले. का? घेऊ नयेत?"

बारक्या खुर्चीत बसला, म्हणजे कोसळलाच. त्याची बायको बँकेच्या पत्रावर हात ठेवून गप्प राहिली. ती वकील, करारमदार लिहिण्यात तिचा हातखंडा होता, आणि गप्प राहून समोरच्याला बोलू द्यायचं ही तिच्या धंद्यातली खोड ती घरीही घेऊन यायची.

आत्याने सगळं सांगितलं, कारण लपवण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नव्हतं. छापखान्याने निवृत्तीच्या वेळी दिलेले पैसे खात्यात नुसते पडून होते. शनिवारी अहवाल वाचला. व्याजदर उतरले की जुन्या रोख्यांची किंमत चढते, हे त्यात सोदाहरण लिहिलेलं होतं. घरचं पोर पंधरा पानं लिहून सांगतंय म्हटल्यावर बाहेरच्या कुणाला विचारायचं? सोमवारी शाखेत गेली, घेऊन आली. गुरुवारी दर चढला आणि रोखे घसरले. थोडक्यात, सगळ्या शहाण्यांच्या आधी एक दिवस जाऊन ती खड्ड्यात पडली होती, आणि नशीब बघा, आधी पडली म्हणून आता तिची चौकशी चालली होती.

शनिवारची भानगड बारा वर्षांची. बारक्याच्या अगदी पहिल्या अहवालात 'सरकारी तूट' अशा शब्दांच्या जागी 'सरकारी लूट' छापून गेलं होतं, आणि तो जेमतेम वाचला होता. तेव्हापासून दर अहवाल तो छापून घरी आणायचा, आणि शनिवारी जेवणं झाली की आत्या लाल पेन आणि पोलादी पट्टी घेऊन बसायची. ओळीखाली पट्टी सरकवत वाचायची. सुरुवात शेवटच्या पानापासून, कारण शेवटाला सगळ्यांचे डोळे थकलेले असतात आणि चुका बारीक टाइपात दडून बसतात. शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात, ती ओळ असायची: 'या अहवालात शिफारस केलेल्या रोख्यांमध्ये लेखकाचा किंवा त्याच्या घरातील कोणत्याही व्यक्तीचा आर्थिक हितसंबंध नाही.' तिसऱ्या वर्षी त्यातल्या 'हीतसंबंध'ची दीर्घ वेलांटी तिनेच ऱ्हस्व केली होती. वाचली किती वेळा असेल याला गणती नाही. पण मुद्रितशोधकाचा हा रोगच असतो. काना दिसतो, मात्रा दिसते, टिंब हललेलं दिसतं. वाक्य काय म्हणतंय ते दिसत नाही. वाक्यात रमलात की चूक निसटलीच, असं छापखान्याचे मालक पहिल्या दिवशी बजावायचे. त्या शनिवारीही तिने ओळीपुढे बरोबरची खूण केली, आणि सोमवारी जाऊन ओळ खोटी पाडली.

"डोंबल माझं," आत्याने कपाळाला हात लावला. "मीच तपासली की रे ती ओळ. मी सांगते त्यांना. म्हणावं, चूक माझी, पोराची नाही."

सूनबाई तेव्हा बोलली. आवाज न चढवता, एक एक बोट दुमडत. आत्याने खरं सांगितलं, की पहिला प्रश्न येईल, अहवाल प्रसिद्ध व्हायच्या आधी घरी आला कसा. तो बँकेबाहेर काढणं हाच गुन्हा. मग नोकरी जाणार. नुसती ही नाही; संशोधनाचा परवानाच जाणार, कोणतीच बँक दारात उभं करणार नाही. बारक्या खाली बघत होता. अंगठ्याचं नख कुरतडत होता, लहानपणी हिशेब चुकला की कुरतडायचा तसं.

"ते कळलं," आत्या म्हणाली. "पण तो उल्लेख नाही म्हणतात, तो का नाही?"

 बारक्याने लॅपटॉप उघडला आणि खुलासापत्र तिच्यापुढे सरकवलं. वर जाड अक्षरात व्याख्या होती. घरातील व्यक्ती म्हणजे एकाच पत्त्यावर राहणारे व एकाच स्वयंपाकघरात जेवणारे सर्व नातेवाईक. सर्व. खाली रकाने. बायकोचं नाव, दोन्ही मुलांची, दादांचं, वहिनींचं. धाकट्या काकांचंही होतं, ते वाटणीनंतर भांडून गेले त्याला सहा वर्षं झाली होती तरी. दिवाणखान्यातल्या काचेच्या टाकीत मासे होते, त्यांना रकाना नव्हता म्हणून, नाहीतर तेही आले असते. आत्याने यादी वरून खाली वाचली, मग सवयीने खालून वर वाचली. नाव गळलेलं होतं. शब्द गळणं ही तिच्या धंद्यातली सगळ्यात वाईट चूक, कारण जे नाही ते डोळ्याला दिसत नाही.

"लपवलंस का रे?" तिने हळूच विचारलं.

तो हो म्हणेल अशी तिला आशा होती. लपवलं असतं तर त्यात काहीतरी तरी होतं. भीती होती, लबाडी होती, निदान आठवण होती.

"नाही गं आत्या. शपथ घेऊन सांगतो. लपवायचं काय त्यात?" बारक्याचे डोळे भरून आले होते आणि तो खरं बोलत होता. "मला सुचलंच नाही. पहिल्या वर्षी घाईत भरलं, पुढे दरवर्षी 'मागील वर्षाप्रमाणे'वर खूण करत गेलो."

आत्याने खुलासापत्र परत त्याच्याकडे सरकवलं. वहिनी दोन वर्षं अंथरुणाला खिळल्या होत्या तेव्हा हा पोरगा तिच्या खोलीत, तिच्या गादीवर झोपायचा. दुसऱ्या गावच्या छापखान्यात मुख्य मुद्रितशोधकाची जागा आली होती, राहायला दोन खोल्या मिळणार होत्या. हा पाय धरून रडला म्हणून तिने नाही कळवलं. अपूर्णांक तिने शिकवले. पाव टक्का म्हणजे किती, हे तिने त्याला पेन्सिलीचे तुकडे करून दाखवलं होतं. आणि सुचलंच नाही. बरं, रागवावं तर चूक मुद्दाम केलेली नाही. एखाद्याने लाथ मारली तर बोंब तरी मारता येते. चालताना कोणी अंगावरून निघून गेला तर काय करायचं?

"आत्या," सूनबाई म्हणाली, "एक मार्ग आहे. पण तुम्हाला आवडणार नाही."

"तू सांग. आवडायचं न आवडायचं मी बघते."

मार्ग असा होता. आत्याची मागची खोली. तिला मागच्या जिन्यावर उघडणारं स्वतंत्र दार आहे, कोपऱ्यात मोरी आहे. तिथे एक शेगडी ठेवली की स्वयंपाक वेगळा. आत्या त्या खोलीत भाड्याने राहते, करार आजवर तोंडी होता, आज तो लिहून काढला, असं दाखवायचं. मग पत्ता एक असला तरी घर एक नाही. मग ती घरातील व्यक्ती नाही. मग खुलासापत्र बरोबरच भरलेलं आहे, आणि अहवाल तिने पाहिलेलाच नाही, रोखे आपल्या मनाने घेतले. एकाच करारात सगळं बसत होतं.

ऐकताना आत्याला वाटलं, पोरगी हुशार आहे हं. खरंच तसं वाटलं. मग अर्थ लागला.

पहिल्या बोलल्या वहिनी, आणि त्या बोलतील असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. वहिनी आणि आत्या म्हणजे विळ्याभोपळ्याचं सख्य. वाटणीत तळमजला कोणाला यावरून भांडण झालं, तेव्हापासून वहिनींनी आत्याचं तोंड पाहणं सोडलं होतं, दोघींच्या मधले निरोप मुलं पोचवायची.

"भाडेकरू?" वहिनी म्हणाल्या. "पंचेचाळीस वर्षं मी वन्संशी भांडतेय. मिठावरून, पंख्यावरून, ह्या पोराच्या अभ्यासावरून. भाडेकरूशी कोणी एवढं भांडतं का? वन्सं घरातल्या नाहीत, तर मग मी तरी ह्या घरात कोण?"

आत्याला वहिनींकडे बघवेना. पंचेचाळीस वर्षांत त्या बाजूने कधी कुमक आली नव्हती; आज आली तर तिचं काय करायचं ते कळेना. तिने कपातला गाळ चमच्याने ढवळला.

आता दादा कडाडतील, असं तिने धरून ठेवलं होतं. दादांनी सख्ख्या मावसभावाच्या दुकानातला काटा खोटा निघाला म्हणून सील ठोकलं होतं, आणि दहा वर्षं त्या घरचं लग्नाचं बोलावणं आलं नव्हतं. असला माणूस खोटा कागद घरात होऊ देतो की काय? दादांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"नोकरी जाईलच?" त्यांनी बारक्याला विचारलं.

"जाईलच."

"आणि दुसरी?"

"ह्या धंद्यात नाही मिळणार, दादा."

दादांनी माशांकडे मान वळवली. मग म्हणाले, "चार ओळींचा तर कागद आहे. कागदाने काय नाती तुटतात?" वहिनींनी तोंड उघडलं, तशी ते म्हणाले, "तू गप्प बस." आणि वहिनी मुलाच्या तोंडाकडे बघत गप्प बसल्या. आईच ती. तिला बोल तरी कसा लावायचा? पण आत्याची कुमक आली तशी दहा मिनिटांत माघारी गेली, ते खरं.

"आत्या, तू म्हणशील तसं," बारक्या म्हणाला. "तुझ्या मनाविरुद्ध काही नको."

हे मात्र तिला झोंबलं. नाही म्हटलं तर पोराचं वाटोळं झालं ते आत्यामुळे. हो म्हटलं तर आत्याने आपणहून केलं, कोणी बळजबरी केली का? दोन्हीकडून हा मोकळा. उगीच नाही अर्थशास्त्र शिकला.

"करा काय ते," ती म्हणाली.

मग घरात अशी काही लगबग सुरू झाली, की गुरुवारपासून मेल्यासारखी बसलेली माणसं ही, असं कोणी म्हटलं नसतं. मागच्या जिन्याचं दार अकरा वर्षं उघडलेलं नव्हतं. त्याच्यापुढे चपलांचं कपाट होतं. बारक्याने आणि दादांनी ते ओढून बाहेर काढलं. कडी गंजली होती, तेल घातलं, ठोकली, शेवटी उघडली. विजेची शेगडी माळ्यावरून उतरवून आत्याच्या टेबलावर ठेवली. शेगडीजवळ एक पातेलं हवं, नुसती शेगडी खोटी दिसते, असं सूनबाई म्हणाली. पातेलं वहिनींनी आणून दिलं. नवं दिलं, चांगलं जाड बुडाचं, आणि ठेवताना आत्याच्या डोळ्याला डोळा दिला नाही.

आत्या आपल्याच खोलीत पलंगाच्या कडेवर बसून हे सगळं बघत होती. कोणीतरी नवीन राहायला येणार असल्यासारखी खोली लावली जात होती.

तिच्या कपाटात बारा वर्षांची मुद्रितं होती, वर्षावार बांधलेली, दोऱ्याच्या गाठीसकट. लाल खुणांनी भरलेली. ती राहून चालणार नव्हतं. दादांनी गठ्ठे काढले, मागच्या सज्जात स्टूल टाकून बसले आणि एक एक पान उभं, मग आडवं फाडायला लागले. सरकारी माणूस, फाडणंही शिस्तीचं. आत्याला आत आवाज येत होता. मध्येच आवाज थांबला.

"काय सुंदर अक्षर गं तुझं," दादा तिकडून म्हणाले, आणि पुन्हा फाडायला लागले.

तीन वाजता सूनबाईने करार छापून आणला. साडेतीन पानं. घर बारक्याच्या नावावर असल्यामुळे मालक म्हणून तो, भाडेकरू म्हणून आत्या. सूनबाईने पेन पुढे केलं, सही कुठे ते बोटाने दाखवलं. आत्याने पट्टी मागितली.

"आत्या, वेळ नाहीये हो."

"सूनबाई, न वाचता मी आजवर खूण केलेली नाही."

शेवटच्या पानापासून ती वर वाचत आली. 'भाडेकरू'तला रू दोन ठिकाणी ऱ्हस्व पडला होता, तो दीर्घ केला. 'परीसर'चा 'परिसर' केला. आणि या वेळी तिने वाक्यंही वाचली. छापखान्याच्या मालकांच्या मते त्याने चूक निसटते, तर निसटो. कलम चार, भाडेकरूचा मालकाच्या स्वयंपाकघरावर हक्क राहणार नाही. कलम सहा, मालकाच्या कुटुंबीयांच्या खासगी आयुष्यात भाडेकरू दखल देणार नाही. कलम नऊ, एक महिन्याची लेखी सूचना देऊन कोणत्याही पक्षास करार संपवता येईल व समोरच्या पक्षाने सूचनेची पोच द्यावी. सगळ्या करारांत असतात तीच कलमं; सूनबाईने काही मुद्दाम घातली नव्हती. तिचा राग यावा असं तिने काही केलं नव्हतं, तिने फक्त काम चोख केलं होतं.

"हा खरा धरायचा ना?" आत्याने विचारलं. "उद्या बँकेने तपासला तर?"

"खराच आहे आत्या. सह्या झाल्या की कायद्याने बांधील."

"दोन्ही बाजूंना?"

"दोन्ही बाजूंना."

आत्याने सही केली. बारक्याने केली. दादा आणि वहिनी साक्षीदार. वहिनींची सही ओळ सोडून वर चढली.

बरोबर चारला फोन आला. टेबलाच्या मधोमध ठेवून आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला होता. बोलणारी बाई तरुण होती, आवाज गोड, बोलणं अगदी अदबीचं. नियम पाळले जातात की नाही ते बघणाऱ्या खात्यातली. तिने आधी बारक्याला चार प्रश्न विचारले, मग आत्याला. आपण त्या पत्त्यावर कशा नात्याने राहता? भाड्याने, मागच्या खोलीत. जेवण? वेगळं. आपण हा अहवाल आधी पाहिला होता का? नाही. सगळी उत्तरं पढवल्याप्रमाणे गेली. खोटं बोलायला एवढं सोपं असतं हे आत्याला बासष्टाव्या वर्षी कळलं.

"मग नेमके तेच रोखे, नेमके त्याच दिवशी का घेतलेत?" फोनवरच्या बाईंनी विचारलं.

हे पढवलेलं नव्हतं. सूनबाईचं पेन हवेत थांबलं. बारक्या पांढरा पडला.

"शाखेतल्या मुलीने चांगले आहेत म्हणून सांगितलं," आत्या म्हणाली. "आणि बाई, आतली बातमी ज्याच्याकडे असते तो असा बुडतो का? तुम्हीच बघा माझे रोखे आज कुठे आलेत."

बाई हसल्या. हे पटण्यासारखंच होतं. सूनबाईने श्वास सोडला. मग बाई म्हणाल्या, शेवटचं, लेखकाशी आपलं काही नातं?

आत्याने बारक्याकडे बघितलं. तो फोनकडे बघत होता, आणि त्याचे ओठ तिच्या आधीच तो शब्द जुळवत होते.

"लांबचं," आत्या म्हणाली.

"बरं. करार संध्याकाळी सहापर्यंत पाठवून द्या, म्हणजे मी फाईल बंद करते. आणि बाई, तुमच्या खात्यावर जवळचे नातेवाईक हा रकाना भरलेला नाही. कोणाचं नाव लिहू?"

टेबलाशी चार माणसं बसली होती. चौघांपैकी एकानेही मान वर केली नाही.

"कोणाचं नको," आत्या म्हणाली. "राहू द्या तो मोकळा."

फोन बंद झाला आणि घर एकदम जिवंत झालं. दादांनी टेबलावर थाप मारली. वहिनी चहा टाकायला उठल्या. सूनबाई तिच्यासारखीला शोभेल एवढंच हसली. बारक्याने आत्याचे दोन्ही हात हातात घेतले, आणि आता तो खरंच रडत होता. "तू वाचवलंस मला," तो म्हणाला. हे एवढं निवलं की करार रद्द करू, ते दार पुन्हा लावून टाकू, आणि पुढच्या वर्षीच्या खुलासापत्रात सगळ्यात पहिलं नाव तिचं घालीन, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. प्रेम होतं त्याचं. नव्हतं असं नाही. तेच तर.

आत्याने हात सोडवून घेतले, एक कोरा कागद ओढला आणि लिहायला बसली. तिला रडायला येत होतं आणि त्याहून जास्त राग आला होता, पण अक्षर नेहमीसारखंच आलं. चार ओळी झाल्या. खाली तारीख घातली, सही केली आणि कागद बारक्यापुढे ठेवला.

बारक्याने वाचलं. 'कलम नऊनुसार एक महिन्याची सूचना देत आहे. खोली रिकामी करून किल्ली मालकाच्या ताब्यात देईन.'

"हे काय गं आत्या?"

"सूचना. पोच दे."

दादा उठून आले, बारक्याच्या खांद्यावरून वाचलं. "अगं, वेड लागलंय का तुला? ते नुसतं कागदावर होतं."

"कागदावर ह्या घरातलं सगळं होतं, दादा. मीच तेवढी नव्हते. आज आले, ती भाडेकरू म्हणून आले. पोराने पहिल्यांदा कुठेतरी माझं नाव लिहिलंय. ते मी खोटं पडू देणार नाही."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हातात चिमटा तसाच. "कुठे जाल हो वन्सं?"

"भाडेकरूला ते विचारायचं नसतं, वहिनी." कुठे जाणार हे तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. छापखान्याच्या मालकांच्या सुनेला वरची खोली द्यायची होती असं कधीतरी कानावर आलं होतं, एवढंच. रोखे आता मोडले तर हातात काय येणार, याचा विचार तिने उद्यावर टाकला.

"मी सही करणार नाही," बारक्या म्हणाला. "काय वाट्टेल ते होऊ दे. पोच देणार नाही मी."

 आधी सूनबाईच्या ध्यानात आलं. तिच्या धंद्यातलंच होतं ते. मालकाने सूचना घेतली नाही, तर ही भाडेकरू नाही. ही भाडेकरू नाही, तर करार खोटा. आणि खोटा करार सहा वाजता बँकेत जाणार होता, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी. तिने नवऱ्याकडे न बघता सांगितलं, "द्यावी लागेल."

"नको देऊस," वहिनी म्हणाल्या. "बाळा, नको देऊस."

आत्या वाट बघत होती. तिच्याही मनाने एवढ्यात दगा दिला. फाड, तिला वाटलं, फाड तो कागद माझ्यासमोर, मग मी नाही जात कुठे. बारक्याने पेन उचललं. घड्याळात साडेचार वाजले होते. त्याने एकदा आईकडे बघितलं, एकदा बायकोकडे, आणि सही केली.